घे, माझा जीव घे

३ तारीख, शुक्रवार

आज सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला गेले. गेले नसते तर बरं झालं असतं.

आधी सरळ काय ते लिहिते, म्हणजे डोकं जरा ताळ्यावर येईल. 'परतीचा डाव' या परदेशी कार्टून सिनेमाचे आपल्या भाषेतले संवाद माझे. व्हिडिओ गेममधली दोन भावंडं, ठिपका आणि त्याची थोरली बहीण रेघ, गेमच्या शेवटच्या पातळीवर अडकतात आणि उलटं खेळत खेळत पहिल्या पातळीवरच्या आपल्या घरी यायला निघतात. प्रत्येकाकडे मोजकेच जीव. शेवटी रेघेचे सगळे संपतात, ठिपक्याकडे एकच उरतो आणि तोही ते पोर बहिणीला देऊन टाकतं. सगळा सिनेमा या एका प्रसंगावर उभा आहे. ठिपक्याचा आवाज माझ्या ताईचा. ताईनं पन्नाशी ओलांडली, पण कार्टूनमधला आठ वर्षांचा मुलगा म्हटलं की वर्षानुवर्षं तिलाच बोलावणं येतं.

तर तो प्रसंग आला. संगीत थांबलं. हॉल गप्प. माझ्याच अंगावर काटा आला. ठिपक्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "घे, माझा जीव घे."

पुढच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. मग तिचा नवरा. मग मागून कुणीतरी ओरडलं, "रोज घेतेच की ती!" झालं. अख्खा हॉल खो खो हसत सुटला. पडद्यावर ठिपका विरघळतोय, रेघ त्याला मिठी मारायला धावतेय आणि लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत. पुढचं काही कुणाला ऐकू गेलं नाही. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखी मान खाली घालून बसले.

यात हसण्यासारखं काय आहे? जीव द्यायचा तर समोरच्यानं तो घ्यायलाच हवा ना? लोकांना साधा शब्द साध्या अर्थानं ऐकता येत नाही, त्याला मी काय करू? ठिपक्याचं तोंड तिथे किती वेळा उघडतं, कुठल्या अक्षराला ओठ मिटतात, याचा विचार करून करून मी ते वाक्य बसवलंय. या हसणाऱ्यांपैकी एकानं तरी एक ओळ बसवून दाखवावी.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ताई नेमकी तिथेच अडली होती. म्हणाली, "शहाणे, याला लोक हसतील गं."

"का हसतील? तू नीट रडव त्यांना."

"नुसतं 'ठेव तुझ्याकडे' म्हणू दे की त्याला."

"काय ठेव? पिशवी?" मी म्हटलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हसला आणि ताईनं माझं वाक्य निमूट म्हणून टाकलं.

एकूणच तिचे नखरे फार चालले होते त्या दिवशी. एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर, दर दोन वाक्यांनी थर्मासमधलं गरम पाणी. रेकॉर्डिस्ट बिचारा म्हणाला, "ताई, ओरडायचे सीन उद्या घेऊ या का?" तर म्हणे नाही, काय घ्यायचं ते आजच घ्या. इतकी कसली घाई? मोठ्या कलाकारांची लक्षणं उशिरा का होईना तिलाही लागली म्हणायची.

४ तारीख, शनिवार

प्रेक्षकांचे अभिप्राय वाचू नकोस असं नवऱ्यानं बजावलं होतं. सकाळपासून तेवढंच करतेय.

"चित्रं सुंदर. भाषांतर करणाऱ्याचा जीव कुणी घेतला?"

"लाइफला लाइफच म्हणा की. घरात पोरं लाइफ म्हणतात, लेव्हल म्हणतात. पातळी काय, पाण्याची आहे का?"

"सहकुटुंब गेलो होतो. सासूबाईंनी इंटरव्हलनंतर डुलकी काढली. त्या सीनला लोक हसले तेव्हा दचकून उठल्या आणि कोणाचा जीव गेला म्हणून विचारू लागल्या."

एका गृहस्थाला सिनेमा आवडला नाही कारण त्याच्या लहानपणी होता तो गेम यात नाही. एकीनं एकच तारा दिलाय, का, तर थिएटरचा एसी बंद होता. एसीचा तारा माझ्या सिनेमाला! आणि एका आजोबांनी लिहिलंय की नातवंडांबरोबर छान वेळ गेला, मात्र कथेतला गेम नक्की कोण खेळत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. यांना मी काय सांगू? कोणीच खेळत नव्हतं, तोच तर मुद्दा आहे.

लाइफ म्हणा म्हणे. ठिपक्यानं मरता मरता 'घे, माझी लाइफ घे' म्हणायचं? दुकानात सुटे पैसे परत दिल्यासारखं?

६ तारीख, सोमवार

प्रकरण हाताबाहेर गेलंय. कुणीतरी थिएटरमध्ये मोबाइलवर तेवढा प्रसंग टिपला आणि आता तो घरोघरी फिरतोय. बसच्या रांगेत उभी होते, तर मागे एक मुलगा मैत्रिणीला डब्यातला शेवटचा घास देत म्हणतो, "घे, माझा जीव घे." शेजारीण कालच्या कालवणाची वाटी परत द्यायला आली, तीही तेच म्हणून हसत हसत जिना उतरली. तिला माहीतही नाही की हे वाक्य माझं आहे. लेकीनं मात्र शाळेत अभिमानानं सांगून टाकलंय, हे माझ्या आईनं लिहिलंय म्हणून. आता तिला तिथे सगळे 'जीव' म्हणतात. घरी येऊन दप्तर आपटलं.

"मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, आई. लाइफ म्हण."

"तू खोलीतून बाहेर न येता सांगितलं होतंस. कानात ती गाण्याची बोंडं घालून."

"पण सांगितलं होतं ना?"

नवरा म्हणाला, "अगं, तुझं वाक्य लोकांच्या तोंडी बसलंय. लेखकाला आणखी काय हवं असतं?" त्याच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

दुपारी स्टुडिओच्या मालकाचा फोन.

"मॅडम, सिनेमा महिनाअखेर घराघरात येणार, टीव्हीवर, मोबाइलवर. तिथे हे वाक्य मला नकोय. परदेशातले मूळ निर्माते विचारतायत, दुःखाच्या जागी तुमचे प्रेक्षक हसतात कसे?"

"बदलून देते."

"नुसतं लिहून नाही चालणार. ताईंच्याच आवाजात हवंय, मुलगा एका वाक्यापुरता बदलला तर लगेच कळतं. पुढच्या बुधवारी स्टुडिओ ठेवलाय. तुम्ही दोघी या, करून टाका. नाही जमलं, तर दुसऱ्या भागाला मला वेगळा लेखक बघावा लागेल. राग मानू नका हं."

राग मानू नका! दुसऱ्या भागाच्या भरवशावर मी दोन कामं सोडलीत. म्हणजे आता बुधवारपर्यंत ताईला माइकपुढे उभं करायचं आणि त्या मेल्या ठिपक्याच्या तोंडात धड वाक्य घालायचं. एवढंच काम आहे. लगेच ताईला फोन लावला. उचलला नाही.

७ तारीख, मंगळवार

ताई फोन उचलत नाही. वाजून वाजून बंद होतो आणि पाठोपाठ मेसेज येतो, 'बोलू नंतर.' अगं, नंतर कधी? फोन हातात आहे, मेसेज टाइप करायला बोटं आहेत, आणि बोलायला काय धाड भरलीय?

मला कळतंय काय झालंय ते. तिनं सांगितलं होतं लोक हसतील, मी ऐकलं नाही, लोक हसले. आता ती मला ताटकळत ठेवणार. लहानपणी मी तिची बाहुली बादलीत बुडवली होती तेव्हाही तिनं असाच अबोला धरला होता. फक्त तेव्हा आई मध्ये पडायची.

वाक्यंही सुचत नाहीत. 'हा जीव तुझा.' यातही चावटपणा काढतील. 'माझा जीव तुला.' हे लग्नाच्या पत्रिकेवर शोभेल. 'जीव देतो तुला.' देवा, हे तर विहिरीच्या काठावरचं झालं. हा शब्दच असा आहे की कुठूनही धरा, चावतोच. लावला तर माया, खाल्ला तर कटकट, टाकला तर वेड, घेतला तर खून. एका शब्दाला इतकी कामं लावली की तो बिचारा एकही धड करत नाही.

१० तारीख, शुक्रवार

शेवटी ताईच्या घरी जाऊन थडकले. भाऊजींनी दार उघडलं आणि मला बघून गडबडले.

"अरे, ये ये. ती जरा पडलीय."

"मग उठवा. मी काही परकी नाही."

ताई बाहेर आली. शाल पांघरलेली, चेहरा ओढलेला. माझ्यासमोर बसली, हसली आणि एक शब्द बोलली नाही. मी सगळं सांगितलं: मालक काय म्हणाला, बुधवार, दुसरा भाग. ती मान हलवत होती. मध्येच तिनं माझ्या गालाला हात लावला. मी म्हटलं, "गाल नको कुरवाळूस, बोल काहीतरी. हसले लोक, चुकलं माझं, झालं समाधान?" तर पुन्हा तेच हसू. एवढी वर्षं बोलून पोट भरलेली बाई आणि बहिणीसाठी एक शब्द खर्चवत नाही!

भाऊजी चहा घेऊन आले. म्हणाले, "अगं, तिला सध्या जरा..." आणि ताईनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते साखर आणायला परत आत गेले. साखर ट्रेमध्येच होती. म्हणजे भाऊजीही यात सामील. दोघांनी मिळून ठरवलंय मला धडा शिकवायचं.

निघताना म्हटलं, "बुधवारी सकाळी ये. नाही आलीस तर माझं काम गेलं, एवढं लक्षात ठेव." जिन्यात आल्यावर रडू कोसळलं. रागानंच.

१२ तारीख, रविवार

सुचलं! भाजी निवडताना एकदम सुचलं, आणि इतकं सोपं की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. 'ठेव तुझ्याकडे.' बस्स. जीव हा शब्दच नको. हातात चमकणारा गोळा दिसतोच आहे, तो काय आहे ते दोन तास लोक बघत आलेत. ओठांवरही बरोबर बसतंय, घड्याळ लावून पाहिलं. नवऱ्याला म्हणून दाखवलं, तो म्हणाला, "हे आधीच का नाही लिहिलंस?" सुचायला वेळ लागतो म्हटलं, वाक्यं काय झाडाला लागतात?

ताईला लगेच पाठवलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं: 'छान आहे गं शहाणे. येते बुधवारी.' हुश्श. जीव भांड्यात पडला. (बघा, इथे कसा गुमान पडतो!)

त्या आनंदात पुन्हा अभिप्राय उघडून बसले, तेवढीच चूक. एकानं लिहिलंय, "बाकी लोक हसत होते, पण ठिपक्याचा आवाज शेवटी शेवटी चिरकतो, फाटत जातो, तिथे मला हसता आलं नाही. जणू ते पोर खरंच संपत चाललंय." फाटलेला म्हणे! आता रेकॉर्डिंगमध्येही खोट काढायची राहिली होती. रेकॉर्डिस्टला सांगायला हवं, शेवटचा भाग जरा साफ करून घे म्हणून.

१५ तारीख, बुधवार

कसं लिहू कळत नाही.

ताई वेळेवर आली. मफलर, थर्मास. मला बघून डोळे मिचकावले, सरळ आत गेली आणि माइकपुढे उभी राहिली. मालक माझ्या शेजारी येऊन बसला. पडद्यावर ठिपका आला, हात पुढे केला.

ताईनं तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. नुसती हवा आली, दाराच्या फटीतून येते तशी. तिनं घोटभर पाणी घेतलं, पुन्हा प्रयत्न केला. या वेळी काहीतरी खरखरलं, 'ठेव'मधला 'ठे' तेवढा आला. मी तिच्या कानात बोलायचं बटण दाबून म्हटलं, "ताई, नीट घे ना." हे मी म्हटलं. हे माझ्या तोंडून गेलंय.

तिसऱ्या वेळी तिनं गळ्यावर हात दाबून धरला आणि डोळे घट्ट मिटले. रेकॉर्डिस्टनं माझा हात बटणावरून बाजूला केला आणि माइक बंद केला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला माहीत नाही? त्या दिवशीच मला शंका आली होती."

बाहेर बाकावर ताईनं मोबाइलवर लिहून लिहून सांगितलं. स्वरयंत्रावर गाठी आहेत. इतकी वर्षं गळा आवळून मुलाचा आवाज काढला, त्याची देणगी. डॉक्टरांनी महिनाभर बोलायचंच नाही असं सांगितलंय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. बोलता येईल नंतर. ठिपका काढता येणार नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं लिहिलं, 'तुला कळलं असतं तर तू मला ठिपका करू दिला नसतास. मला हा एक करायचा होता. तू लिहिलेला.'

"आणि आज कशाला आलीस मग? डॉक्टरांनी नको म्हटलं असताना?"

'तुझं काम जाईल म्हणालीस ना.'

मी तिथे स्टुडिओच्या पायरीवर हमसून हमसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आवाज तिचा गेला होता आणि समजूत माझी काढावी लागत होती.

१६ तारीख, गुरुवार

मालकाचा फोन आला. ताईंबद्दल वाईट वाटलं म्हणाला, आणि खरंच वाटलं असावं. मग म्हणाला, "तोडगा आहे. एक नवी मुलगी आहे, गोड गळ्याची. अख्खा ठिपका तिच्याकडून पुन्हा करून घेऊ. तुमची नवी ओळ येईल, हसू जाईल, दुसरा भाग तुमचा. पुढे तीच करेल ठिपका, तेव्हा आवाजही सारखा राहील."

"आणि ताईचं रेकॉर्डिंग?"

"ते कुठे वापरणार आता?"

गेले दहा दिवस मी याच गोष्टीसाठी तडफडत होते, हसू जावं म्हणून. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको."

"काय नको?"

"आहे ते राहू दे. ओळही राहू दे."

"अहो, लोक हसतायत तुम्हाला!"

"हसू देत. ते वाक्य ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढतायत, तुम्हीच बघा. वरून नव्या रेकॉर्डिंगचा खर्च कशाला करता?" खर्च म्हटल्यावर तो नरमला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण परदेशी मंडळींना मला काहीतरी दाखवावं लागेल. दुसऱ्या भागाला लेखक बदलतो."

"बदला," म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास त्याला, त्या परदेशी मंडळींना आणि एसीवाल्या बाईला मनसोक्त शिव्या घातल्या. सोडलेली दोन्ही कामं आता दुसऱ्यांकडे गेलीत. मी शहाणी नाहीच, नावापुरती आहे.

१९ तारीख, रविवार

ताईनं सिनेमा पाहिलेलाच नव्हता. ऑपरेशनच्या आधी बघायचा म्हणून आज तिला घेऊन गेले. हॉल भरलेला होता आणि बघता बघता कळलं की निम्मे लोक दुसऱ्यांदा आलेत. त्यांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं, ते फक्त त्या ओळीची वाट बघत होते. मागची रांग तर मधूनमधून सराव करत होती.

मी ताईकडे बघत होते, पडद्याकडे नाही. ठिपका बोलायचा तेव्हा तिचे ओठ हलायचे.

तो प्रसंग आला. संगीत थांबलं. ठिपक्यानं हात पुढे करायच्या आतच हॉलमधून एका सुरात गर्जना झाली, "घे, माझा जीव घे!" त्यात ताईचा आवाज पार बुडाला. आणि माझं टाळकं सटकलं. माझ्या वाक्याला हसतायत याचं मला आज काहीच वाटलं नाही, पण तिचा आवाज तिलाच ऐकू देत नाहीत म्हणजे काय? मी खुर्चीवरून उठले आणि लहान मुलांनी भरलेल्या हॉलमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडले, "गप्प बसा सगळे! बोलू द्या त्याला!"

सगळा हॉल गार. एक बाळ तेवढं रडायला लागलं. डोअरकीपर बॅटरी घेऊन माझ्याकडे निघाला. ताईनं बाही धरून मला खाली खेचलं. तिचे खांदे गदगदत होते, मला वाटलं रडतेय. हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आणि त्या शांततेत पडद्यावरचा ठिपका विरघळता विरघळता, फाटत चाललेल्या आवाजात रेघेला म्हणाला, "जा ना. मागे बघू नकोस. मी येतोच."

हेही मीच लिहिलंय. सिनेमा लागल्यापासून, एक तो अभिप्रायवाला सोडला तर, हे वाक्य कुणाला ऐकूच आलं नव्हतं, मलासुद्धा. आज ऐकू आलं. कुणी हसलं नाही. डोअरकीपर आमच्या रांगेपर्यंत आला, त्यानं ताईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं आणि बॅटरी विझवून तिथेच उभा राहिला.